कोहळ्याचा बार

गेल्या दसऱ्याला सोपानच्या बंदुकीतून गोळीबरोबर गजही सुटला, आणि त्या दिवसापासून मधल्या वाडीत त्याच्या बायकोचं, सोनमचं, नाव ‘गजवाली’ पडलं. बंदूक उडवली सोपाननं, नाव पडलं सोनमला. वाडीचा न्याय हा असा.

ठासणीची बंदूक ती. सोपानच्या वडिलांच्या, हिंदुराव आबांच्या, आज्याच्या हातची, नळीत आटे पाडलेली, उभी केली तर सोनमच्या हनुवटीला लागणारी. तिच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग तेलात भिजवलेल्या चिंधीत गुंडाळून शिशाची गोळी घालायची आणि लोखंडी गजानं दोन्ही तळाशी ठासायची. गज उपसून नळीखाली त्याच्या जागेत सारायचा, घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी चढवायची, आणि मगच बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची.

दसऱ्याच्या संध्याकाळी शिवेवर बाभळीला कोहळा टांगायचा आणि हिंदुराव आबांच्या घरानं तो एका गोळीत फोडायचा. कोहळा फुटल्याशिवाय वाडीत कुणी कुणाला सोनं देत नाही. उडवायचा मान घरातल्या गड्याचा, पण भरायची घरातल्या बाईनं. असं का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं, गढीच्या काळात गडी उडवायचे आणि बाया मागून भरून द्यायच्या. सोनमची सासू कुशाबाई म्हणायची, “दसऱ्यादिवशी वाडीत शुद्धीवर कोण असतंय? बायाच की. म्हणून.” उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा जुनी वाडी, जुनी शीव आणि शिवेवरचा आपटा सगळं पाण्यात गेलं. मान तेवढा वर आला. आता पाण्याची कड हीच शीव, आणि कोहळ्याच्या मागं पळसदेवच्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत नुसतं पाणी.

गेल्या साली झालं ते असं. सोनम गुडघ्यावर बसून गोळी ठासत होती. हलगी वाजत होती. इंद्रजित, म्हणजे भावकीतला तरणा पुढारी, माईकवर सारखा ओरडत होता की कार्यक्रमाला बोलावलेल्या बड्या पाहुण्यांना अजून तीन गावं करायचीत, आटपा. सोपान घाईनं आला आणि “दे, दे,” म्हणत त्यानं तिच्या हातातून बंदूक ओढली. ती म्हणाली, “अवं, गज.” हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार. टोपीही त्यानंच चढवली आणि खांद्याला लावून बार काढला.

पाण्याच्या कडेला इंद्रजितनं स्वागताचा फ्लेक्स उभा केला होता, पाहुण्यांचा फोटो मोठा आणि त्याखाली त्याचा स्वतःचा, दात दाखवून हसणारा. गज शीळ घालत कोहळ्याच्या बाजूनं गेला आणि बरोबर त्या दातांत घुसला. पहिल्यांदा पाहुणेच हसले. मग काय, सगळी वाडी पोट धरून हसली. रात्रीपर्यंत ते चित्र इंदापूर-बारामतीच्या सगळ्या मोबाईलवर फिरलं. पण ते चित्रण सुरू व्हायचं बार उडाल्यापासून. बाई बंदूक भरतेय त्याचं चित्र कोण काढत बसतंय?

हसू ओसरल्यावर इंद्रजितनं लालबुंद होऊन विचारलं होतं, “भरली कुणी?”

सोनमनं सोपानकडं बघितलं. सोपाननं बंदुकीकडं बघितलं आणि म्हणाला, “भरायचं काम बाईचं हाय.”

खोटं नव्हतंच ते. खोटं असतं तर तिला एवढं लागलं नसतं.

तेव्हापासून ती वाट बघत होती. आज बोलेल, उद्या बोलेल, निदान आईबापापुढं तरी बोलेल. आखाड गेला, गौरी-गणपती गेले, सोपान काही बोलला नाही. तीही बोलली नाही. ज्याचं त्यानं काढावं, असं तिनं मनाशी धरलं होतं, आणि पणदऱ्याच्या माहेरानं तिला बाकी काही दिलं नसलं तरी हट्ट भरपूर दिला होता.

घटस्थापनेच्या सकाळी ती दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेली. कुंडलिक दूध मोजून घेत होता. त्यानं माप किटलीत बुडवलं आणि मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “वैनी, माप भाईर काढल्यालं बघून घ्या बरं का. न्हायतर आत ऱ्हायचं आन् कुणाच्या तरी दातात बसायचं.”

रांग हसली. सोनमनं किटली जागेवर ठेवली.

“कुंडलिकराव, माप निघतंय. पण निघाल्यालं सगळं वहीत चढंना झालंय वरीसभर. ते आधी चढवा, मग दूध मोजा.”

आता रांग दुसऱ्या बाजूनं हसली. कुंडलिकनं माप पुन्हा भरलं, आणि वहीत नेहमीपेक्षा थोडं जास्त दूध मांडलं. पण घरी येताना सोनमचे कान तापलेलेच होते. एकाचं तोंड बंद केलं म्हणून वाडीचं होत नाही, हे तिला वर्षभरात कळून चुकलं होतं.

त्याच दुपारी इंद्रजित आला. बरोबर दत्तोबा तात्या, वाडीतले सगळ्यात वडील, दोन्ही कानांनी अर्धे. हिंदुराव आबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या हाताला कंप आल्यापासून बंदूक सोपानकडं होती, परवाना मात्र त्यांच्याच नावावर. सोपान गोठ्यापाशी पंपाचा वॉशर बदलत होता. सोनम दाराशी बसून गायीसाठी मका तोडत होती.

“आबा,” इंद्रजित म्हणाला, “यंदा पावणं गेल्या सालापेक्षा मोठं हायत. पुन्हा तमाशा नको. बंदूक तुमची, उडवणार सोपानदादा, त्यात बदल न्हाय. फकस्त भरंल कुंडलिक.”

“कोण?” आबा म्हणाले.

“कुंडलिक. पुण्यात वॉचमन व्हता. बंदुकीचं सगळं ठाऊक हाय त्याला.”

“त्याची बंदूक काडतुसाची व्हती,” आबा म्हणाले. “आन् त्या काडतुसाला बुरशी आली व्हती म्हणून त्यानंच सांगितलंय.”

“तरी बाईच्या हातापेक्षा बरं,” इंद्रजित म्हणाला. त्यानं दाराकडं बघितलं नाही. बघायची गरज वाटली नसावी.

सोनमनं कोयता मक्याच्या ताटावर आडवा ठेवला आणि पदर नीट केला. ती आतून पेटली होती, पण आवाज तिनं खाली ठेवला.

“मी भरणार.”

“वैनी, तुमाला दोष द्यायचा म्हणून न्हाय.”

“दोष दिलाच की वरीसभर. आता नवा काय देणार? घरात बाई असताना कुंडलिकरावांनी भरली, तर गज मी ठेवला व्हता हे वाडीनं दगडावर कोरल्यासारखं व्हईल. मी भरणार.”

आबांनी सोपानकडं बघितलं. सोपान वॉशरकडं बघत होता. त्या वॉशरमध्ये काय दिसत होतं त्यालाच ठाऊक. कुशाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाली, “माझी सासू भरायची. मी भरली. ही भरतीय. ह्यात कुंडलिक कुठं आला मधीच?”

“काय म्हणत्यात?” दत्तोबा तात्यांनी कानामागं हात धरला.

इंद्रजितनं त्यांना ओरडून सांगितलं. तात्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवली, आणि शेवटी म्हणाले, “मान मोडायचा न्हाय. भरू दे पोरीला.”

“भरू दे,” इंद्रजित उठला. “पण ऐका आबा, सगळ्यांदेखत सांगतोय. यंदा काय बी चुकलं, बार फुसका गेला, न्हायतर गोळी कोहळ्याला लागली न्हाय, तरी ती भरणाऱ्याचीच चूक. मग बंदूक चौकीत जमा आन् कोहळा नारळागत दगडावर फोडायचा. ह्या घराचा मान संपला.”

“गोळी लागणं उडवणाऱ्याच्या हातात असतंय,” सोनम म्हणाली.

“गेल्या साली न्हवतं,” इंद्रजित म्हणाला आणि गाडीला किल्ली लावली.

दसऱ्याला आता नऊ दिवस होते, आणि तेवढ्यात ऊस बांधून घ्यायचा होता. पावसानं उशिरापर्यंत रानात औत घालण्याइतका वापसा दिला नव्हता. आता ऊन एवढं कडक पडलं होतं की वरची माती भाजत होती आणि खाली चिखल तसाच होता. सोपान बैलांमागं सरी फोडायचा रेजर धरून सरीतून जायचा, सोनम मागून खोऱ्यानं उसाच्या बुडाला माती लावायची. पानांच्या कडांनी दंड कापले जायचे आणि त्यावर घाम गेला की आग व्हायची. दिवसभरात दोघं कामापुरतं बोलायची. ओढ, थांब, दगड हाय.

तिसऱ्या दिवशी बांधावर भाकरी खाताना सोपान म्हणाला, “कशाला हट्ट धरलास? कुंडलिकनं भरली असती तर काय बिघडलं असतं? दोन वर्सांत लोक इसरले असते.”

“तुमी इसराल. हाका मला मारत्यात.”

“मी तुझं नाव घेतलं व्हतं का? भरायचं काम बाईचं हाय, एवढंच म्हणलो. ते काय खोटं हाय?”

“न्हाय की. खरंच हाय.” तिनं ठेच्याचं बोट चाटलं. “म्हणून तर मी भरणार म्हणतीय.”

त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. पाणी प्यायला आणि उठून बैलांकडं गेला. सोनमला त्याची कीव आली नाही. पूर्वी यायची. वर्षभरात तीही संपली होती.

संध्याकाळी काम आटोपलं की दोघं पाण्याच्या कडेला सरावाला जायची. कुशाबाईनं चुलीवर पळीत शिसं वितळवून जुन्या साच्यातून गोळ्या पाडल्या होत्या. तिची बोटं आखडली होती, तरी साचा कधी उघडायचा ते तिला बरोबर कळायचं. सोनमनं शिंगाच्या मापानं दारू मोजली, जुन्या धोतराची चिंधी करडईच्या तेलात भिजवली, गोळी ठासली, गज काढला. काढलेला गज तिनं सोपानच्या नाकासमोर धरला.

“हा बघा.”

“दिसतोय.”

बाभळीला दुधी भोपळा टांगला होता. सोपाननं बंदूक खांद्याला लावली, नेम धरला, आणि बार काढला. धूर विरला तेव्हा भोपळा होता तिथंच होता. लांब पाण्यात गोळी पडल्याचा आवाज आला आणि चार बगळे उडाले.

दुसरी गोळी फांदीला लागली. तिसरी कुठं गेली ते बगळ्यांनाही कळलं नाही.

सोनमला आश्चर्य वाटलं. सोपान वाईट नेमबाज नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यानं कोहळ्याच्या देठाखाली गोळी घातली होती, आणि नव्या नवरीला त्या रात्री नवऱ्याचा किती अभिमान वाटला होता ते तिला अजून आठवत होतं. चौथ्या वेळी ती बाजूला जाऊन उभी राहिली आणि भोपळ्याकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याचं बोट चापावर आलं. चाप ओढायच्या आधीच त्याचे डोळे गच्च मिटले, आणि खांदा मागं सरला. मार चुकवणारं जनावर सरतं तसा.

“तुमी डोळं मिटताय.”

“धूर जातोय डोळ्यात.”

“धूर बार झाल्यावर येतो.”

त्यानं बंदूक खांद्यावरून उतरवली. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून पाण्याकडं बघत राहिला. सोनम समजली. प्रत्येक गोळीला तिनं त्याला गज दाखवला होता, त्याला हात लावायला लावला होता, तरी त्याच्या डोक्यात गज आतच होता. नळीतून निघाला होता, ह्याच्यातून निघाला नव्हता.

घरी कुशाबाईनं लेकाच्या खांद्याला हळद-तेल चोळलं. खांदा काळानिळा पडला होता. तो बाहेर गेल्यावर ती सुनेला म्हणाली, “पोरी, ह्याचा हात चळतोय. कुंडलिकलाच भरू दे बाई. तुझी चूक कुणी काढणार न्हाय आन् मान तरी ऱ्हाईल घरात.”

“कुणाचा मान, आत्या?”

कुशाबाईनं तेलाची वाटी फडताळात ठेवली. “माझ्या येळंला एकदा बार फुसका गेला व्हता,” ती म्हणाली. “दारू दमट व्हती. दमट का झाली, तर तुझ्या सासऱ्यानं डबा उघडा ठेवला व्हता. मी बी बोलले न्हवते.” आणि मग एकदम, “तू भर. मी मधी बोललेच न्हाय समज.”

दसऱ्याच्या दुपारपासून माणसं पाण्याच्या कडेला जमायला लागली. पाहुणे वेळेवर आले, त्याचंच सगळ्यांना नवल वाटलं. यंदाचा फ्लेक्स इंद्रजितनं पाण्याकडं न लावता लोकांच्या पाठीमागं, पार डांबरी रस्त्याला लावला होता. बाभळीला छातीच्या उंचीवर पांढराफेक कोहळा टांगला होता, हळद-कुंकू लावून. हलगी वाजत होती. पुढं बाया बसल्या होत्या. त्यात ठमाबाई, जिनं ‘गजवाली’ हे नाव पहिल्यांदा काढलं ती, अगदी पहिल्या ओळीत पाय पसरून बसली होती. गड्यांचे मोबाईल वर झाले होते. या वेळी बाईचं भरणंसुद्धा कुणाला सोडायचं नव्हतं.

सोनम नवं लुगडं नेसली नव्हती. रोजची कामाची साडी, कासोटा घट्ट. ती गोणपाटावर गुडघे टेकून बसली आणि बंदूक समोर उभी धरली.

“आता बंदूक भरली जात आहे,” इंद्रजित माईकवर म्हणाला. “सगळ्यांनी नीट लक्ष द्यावं. गेल्या वर्षीचा अनुभव सर्वांना आहेच.”

हसणं झालं. सोनमनं ते होऊ दिलं. शिंगात दारू मोजली, बोटानं सपाट केली, नळीत ओतली. नळीवर दोनदा थाप मारली. चिंधी, गोळी, अंगठ्यानं आत. मग गज. दोन्ही हातांनी सारखा दाब देत तिनं गोळी खाली नेली, तळाशी टेकल्याची खात्री हाताला झाली तेव्हा थांबली. उठली. गज उपसला. तेलकट लोखंड उन्हात चमकलं.

सोपान पुढं आला. या वेळी त्यानं ओढली नाही, हात पसरून उभा राहिला. तिनं बंदूक त्याच्या हातात दिली. मग कनवटीची पुडी सोडून टोपी काढली, छोटी तांब्याची, आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“गेल्या साली तुमीच चढवली व्हती. यंदाबी तुमीच चढवा.”

“आन् गज?” तो हळू म्हणाला. कारण गज तिनं नळीखाली सारला नव्हता. हातातच होता.

“येती घेऊन,” सोनम म्हणाली आणि चालायला लागली.

आधी कुणाला कळलंच नाही. वाटलं, कोहळा नीट टांगायला निघाली. ती चिखलातून सरळ बाभळीपाशी गेली, कोहळ्याच्या बाजूला उभी राहिली, आणि लोकांकडं तोंड केलं. हात लांब केला तर गजाचं टोक कोहळ्याला लागेल, एवढ्या अंतरावर. मग तिनं गज दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा धरला. हलगी आपोआप बंद पडली.

“गज हितं हाय,” ती म्हणाली. पाण्याच्या कडेला आवाज लांबवर जातो, आणि तिनं तो या वेळी खाली ठेवला नव्हता. “ज्यांचं मोबाईल चालू हायत त्यांनी नीट काढा. कुणाला दिसंना झाला असंल तर आत्ताच बोला. मागनं न्हाय.”

“वैनी, बाजूला व्हा,” इंद्रजित माईकवर म्हणाला. मग माईकशिवाय म्हणाला. “काय हा येडेपणा. पावणे बसलेत.”

“बसू द्या की. तुमीच म्हणला न्हवता का, काय बी चुकलं तर भरणाऱ्याची चूक. मग भरणारी हितं उभी हाय. चुकलं तर तिलाच लागंल. झाला न्याय.”

कुशाबाई उठून उभी राहिली होती. आबा खुर्चीतून अर्धे उठले होते. ठमाबाईनं पाय जवळ घेतले.

सोनमला भीती वाटत होती. खोटं कशाला बोलावं? पाठीमागं पाणी एका लयीत कडेला लागत होतं ते तिला फार मोठं ऐकू येत होतं. पण वर्षभर खाली बघून चालण्यापेक्षा ही भीती तिला चालत होती. तिनं फक्त एका माणसाकडं बघितलं. त्याचे डोळे बघितले. ते उघडे होते.

सोपान टोपी चढवायला गेला. बोटांत धरलेली टोपी निसटली आणि चिखलात पडली. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. तो गुडघ्यावर बसून शोधायला लागला. सापडली तरी उठेना. बंदूक मांडीवर आडवी घेऊन तसाच बसून राहिला, आणि मग तिथूनच, चिखलाकडं बघत, काहीतरी म्हणाला.

“काय म्हणला?” दत्तोबा तात्यांनी विचारलं.

सोपान उठला.

“गेल्या साली गज मी ठेवला, म्हणलं.”

“आं?”

तात्यांच्या कानांनी त्या दिवशी मोठं काम केलं. सोपानला तेच तिसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि या वेळी तो ओरडलाच.

“तिच्या हातनं बंदूक मी वढली. गज आत व्हता. ती सांगत व्हती, मी आयकलं न्हाय. आन् मागनं कळलं तरी तुमाला सांगितलं न्हाय. वरीसभर तिला बोललात ना, ते सगळं माझं व्हतं.”

तात्यांना ऐकू गेलं. पलीकडच्या तीरालाही गेलं असेल. कुणी हसलं नाही. पाहुण्यांनी इंद्रजितकडं बघितलं, इंद्रजितनं माईकचं बटण बघितलं.

“झालं तर मग,” हिंदुराव आबा म्हणाले. “ये पोरी, हिकडं ये आता.”

सोनम हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिनं ते वाहू दिलं. एवढं ऐकायला एक वर्ष लागलं होतं. पण ती बाजूला झाली तर तो पुन्हा डोळे मिटेल, हेही तिला ठाऊक होतं.

“बार व्हायचाय अजून,” ती म्हणाली. “टोपी पुसून घ्या. चिखल लागलाय.”

सोपाननं टोपी सदऱ्याला पुसली, चढवली, घोडा मागं ओढला. बंदूक खांद्याला आली. नळीच्या टोकाची नेम धरायची माशी थोडी हलली, कोहळ्यावर आली, स्थिर झाली. एवढ्या लांबून तिला त्याचा एकच डोळा दिसत होता, आणि तो टक्क उघडा होता.

आधी धूर दिसला, मग आवाज छातीवर आदळला. गालावर, गळ्यावर काहीतरी गार उडालं आणि एक क्षण तिला वाटलं, लागलं. मग वास आला, कच्च्या कोहळ्याचा. धूर पसरत आला आणि लोक दिसेनासे झाले, लोकांना ती दिसेनाशी झाली. पलीकडून कुशाबाईची हाक आली, “सोनम,” आणि पुन्हा, “ए पोरी.” कुणीतरी पळत यायला निघालं होतं, चिखलात पाय पडल्याचे आवाज येत होते.

सोनमनं एक श्वास घेतला, आणि गज हाताच्या लांबीएवढा उंच उभा धरला. धुराच्या वर.

आधी एक जण ओरडला, मग सगळी वाडी ओरडली. हलगी बेभान सुटली. धूर विरला तेव्हा बाभळीला नुसता देठ लोंबत होता आणि सोनमच्या केसांत कोहळ्याच्या बिया अडकल्या होत्या.

पहिलं सोनं उडवणाऱ्याला द्यायचं असतं. दत्तोबा तात्यांनी आपट्याचं पान सोपानच्या हातात दिलं. ते घेऊन, दुसऱ्या हातात बंदूक तशीच धरून, तो चिखलातून तिच्याकडं चालत आला, सगळ्यांदेखत, आणि पान पुढं धरून उभा राहिला. मागं इंद्रजित माईकवर परंपरा, मान आणि महिलाशक्ती असं काहीतरी बोलायला लागला होता. ठमाबाई आपट्याची अख्खी डहाळी घेऊन लगबगीनं निघाली होती, आणि थोडी लांबच थांबली होती.

सोनमनं पान लगेच घेतलं नाही. तिनं गज त्याच्या हातात दिला.

“आधी हा जागच्या जागी घाला.”

पान बोटांत तसंच धरून सोपाननं बंदूक उभी केली. हात काळे झाले होते, बोटं तेलकट. गजाचं टोक नळीखालच्या कड्यात एकदा चुकलं, दुसऱ्यांदा बसलं. त्यानं गज सावकाश आत सारला, अगदी शेवटापर्यंत, आणि बसला का ते हातानं हलवून बघितलं.

मग तिनं पान घेतलं.